अर्ध्या कानाचा कर

"हा उजवा कान. हा चालतो. आणि हा डावा. हा गेला. परळच्या गिरणीत, साचाखात्याच्या खडखडाटात गेला. आता तुम्हीच सांगा, एकाच कानाने ऐकणाऱ्याला पुरा करमणूक कर कसा?"

गिरगावातल्या एका सभागृहाच्या तिकीटखिडकीसमोर रांग खोळंबली होती आणि रांगेच्या तोंडाशी उभे राहून केणीकाका आतल्या कारकुनाला आपले दोन्ही कान आळीपाळीने दाखवत होते. त्यांच्या मागे मी होतो. माझ्या मागे बाजारातून परस्पर आलेल्या एक बाई होत्या आणि त्यांच्या पिशवीतले बांगडे सगळ्या रांगेला घाई करत होते.

"मग तिकीटही अर्धंच मागाल," कारकून म्हणाला.

"छे, छे! तिकीट पुरं घ्या. गवई पुरं गाणार, त्याचे पैसे पुरे. तबलजी दोन्ही हातांनी वाजवणार, त्याचेही पुरे. पण कर माझ्या करमणुकीवर आहे ना? ती अर्धीच होते. लावा अर्धा."

कारकुनाने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने काकांचे कान पाहिले, कारकुनाचं तोंड पाहिलं, आणि नियमात कानांचा उल्लेख नाही असं जाहीर केलं. बांगडेवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, त्यांचा तो कान मोजू नका नि सोडा ना एकदाचं!" शेवटी काकांनी पुरा कर भरला. भरताना त्यांचं तोंड एरंडेल प्यायलेल्या पोरासारखं झालं होतं. तिकीट खिशात ठेवता ठेवता ते माझ्याकडे वळून म्हणाले, "गाणं गवयाचं, कान माझे. मधे हे सरकार कुठून आलं?"

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की झोपेतसुद्धा मला ते पाठ म्हणता आलं असतं. सदानंद केणी आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. त्यांच्या शेजारच्या खोलीत मी. मी तेव्हा सडाफटिंग होतो, विम्याच्या कचेरीत कारकुनी करत होतो आणि गाण्यातलं मला फार कळतं अशी माझी स्वतःबद्दल समजूत होती. काका गिरणीत हजेरी कारकून होते. सकाळी पाळीवर येणाऱ्या माणसांच्या हजेऱ्या लावायच्या, संध्याकाळी घरी यायचं, आणि हंगामात एखादी मैफल असली की धुतलेला कोट चढवून निघायचं. मैफलीहून परत आले की जिना चढतानाच सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "हजेरी लागली!"

पण काकांची हजेरी अशी सहजासहजी लागत नसे. मैफलीचा शेवट भैरवीने होतो हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे. काकांचा त्यावर कायदा होता. भैरवी ऐकली तरच हजेरी. तीन तास कोणी जीव तोडून गायलं आणि भैरवी राहिली तर काकांच्या लेखी ती मैफल झालीच नाही. एकदा असंच झालं. हॉल रिकामा करून द्यायची वेळ झाली म्हणून चालकांनी बुवांना मधेच उठवलं. लोक हळहळत घरी गेले. काका बुवांच्या मागोमाग टॅक्सीपर्यंत गेले आणि खिडकीतून उजवा कान आत घालून म्हणाले, "बुवा, दोन ओळी म्हणा हो. माझा खाडा पडतोय."

बुवा भले माणूस. हसले, आणि टॅक्सीत बसल्या बसल्या मांडीवर ठेका धरून त्यांनी काकांना भैरवी ऐकवली. टॅक्सीवाल्याने मीटर पाडलेलं होतं. काका त्यालाही म्हणाले, "ह्यावर कर नाही ना रे?"

कर हा काकांचा दुखरा दात होता. तिकिटाच्या दरावर त्यांनी कधी कुरकुर केली नाही. पण तिकिटाच्या खाली बारीक अक्षरांत जे छापलेलं असायचं ते त्यांना सहन होत नसे. करमणूक कर, आगाऊ नोंदणीचा आकार, एका हॉलमध्ये तर खुर्चीवर उशी असल्याचे निराळे पैसे. त्या दिवशी काका उशी परत द्यायला खिडकीशी गेले होते. कारकून म्हणाला, उशी खुर्चीला शिवलेली आहे. "मग माझ्याकडून का घेताय? मी काही शिवायला सांगितली नव्हती," काका म्हणाले, आणि सगळी मैफल त्यांनी हॉलच्या भिंतीला टेकून उभ्याने ऐकली. पैसे अर्थात परत मिळाले नाहीत.

मी एकदा त्यांना सुचवलं, "काका, ऐकलेल्या मैफलींची एक वही ठेवा. पुढेमागे उपयोगी पडेल."

"गिरणीत दिवसभर हजेऱ्या लिहितो रे. गाण्याच्यापण लिहू? जी लिहावी लागते ती ऐकली कशाला?" आणि मग दहा वर्षांपूर्वीच्या मैफलीत कोण गायलं, कुठला राग, साथीला कोण, तबलजीचा गुरू कोण आणि त्या गुरूचं कोणाशी भांडण, हे सगळं त्यांनी चहाचा कप संपायच्या आत सांगितलं.

मग गुजरात-महाराष्ट्राचं ते द्वैभाषिक राज्य आमच्या गळ्यात पडलं. त्या दिवसांत मुंबईत काय चाललं होतं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. सभा, मोर्चे, अश्रुधूर, हरताळ. माणसं जिवानिशी गेली. आमच्या चाळीत शपथांची साथ आली. तळमजल्यावरच्या राणे मास्तरांनी संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत दाढी करणार नाही असं जाहीर केलं. चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी चौबळ यांनी चपला सोडल्या. मी चहा सोडला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी परत धरला, कारण चळवळीला ताजेतवाने कार्यकर्ते लागतात.

शिवाजी पार्कच्या एका प्रचंड सभेहून आम्ही परत आलो त्या संध्याकाळी काकांनी गॅलरीत उभं राहून हात वर केला. घोषणा देऊन त्यांचा आवाज बसला होता.

"या द्वैभाषिकाच्या तिजोरीत माझ्या कानाच्या वाटेने एक पैसा जाणार नाही! संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत गाण्याचं तिकीट काढणार नाही!"

टाळ्या पडल्या. राणे मास्तर सद्गदित होऊन आपल्या दीड दिवसाच्या दाढीवरून हात फिरवू लागले. मला मात्र वाटलं, झालं, काका गाण्याला मुकले. केवढी मोठी किंमत! आम्हा बाकीच्यांनी जे सोडलं होतं त्यात सोडण्यासारखं काही नव्हतं. ह्या माणसाने आपला प्राणवायूच बंद करून घेतला.

माझी समजूत आठवडाभरसुद्धा टिकली नाही. पुढच्याच रविवारी काका कोट घालून निघाले. मी विचारलं, "कुठे?"

"मैफलीला."

"आणि शपथ?"

"तिकीट काढणार नाही म्हटलंय. ऐकणार नाही असं कुठे म्हटलं? भिंतीबाहेरच्या गाण्यावर अजून कर बसलेला नाही."

त्या दिवसापासून काकांची मैफल हॉलच्या बाहेर सुरू झाली. मुंबईतल्या प्रत्येक हॉलच्या कुठल्या झरोक्यातून सूर बाहेर येतो आणि तो कुठे बसलं म्हणजे नीट ऐकू येतो, याचा त्यांनी शोध लावला. कुठे पिठाच्या चक्कीच्या पायऱ्या, कुठे छापखान्याचा ओटा, कुठे बंद दुकानाची फळी. आणि दादरच्या हॉलमागच्या बोळात लाकडाची एक वखार होती. तिचा ओटा काकांच्या मते सगळ्यांत उत्तम. "पहिल्या रांगेत पेटी जास्त ऐकू येते रे," ते म्हणायचे, "वखारीच्या ओट्यावर कसं, सगळं मापात."

काकांबरोबर ठाकूरद्वारहून चर्नी रोडपर्यंत चालत जाणं मग कठीण होऊन बसलं. ते दर पन्नास पावलांवर थांबायचे. चक्कीची पायरी दाखवून म्हणायचे, "इथे बागेश्री. हजेरी लागली." ट्रामच्या थांब्यापलीकडच्या दिव्याच्या खांबावर हात ठेवून म्हणायचे, "हा मारवा." एकदा म्युनिसिपालिटीने तो खांब उपटून समोरच्या फुटपाथवर लावला. काका रिकाम्या खड्ड्यापाशी उभे राहिले आणि कुदळवाल्या कामगाराला म्हणाले, "अरे, आमचा मारवा कुठे नेलास?"

"समोर लावलाय, काका."

"समोर ऐकू येत नाही रे तो!"

कामगार खांबाकडे बघत राहिला. मीच काकांचा हात धरून त्यांना पुढे नेलं.

एक गोष्ट मात्र मला चमत्कारिक वाटायची. पूर्वी काका गवयाच्या तीन पिढ्या सांगायचे. आता राग सांगायचे, जागा सांगायचे, गाणं कसं झालं तेही सांगायचे. पण कोण गायलं असं विचारलं की गडबडायचे.

"कोण होतं बरं? ते जाऊ दे. गायलं मात्र चांगलं."

मी मनाशी म्हटलं, भिंतीतून सूर बाहेर येतात, नावं आत अडकत असतील.

केणींच्या घरात आणखी दोघी होत्या. काकांची आई, म्हणजे माई. त्या दिवसभर खाटेवर बसून वाती वळायच्या आणि चाळीच्या अब्रूवर लक्ष ठेवायच्या. आणि सुमतीकाकू. काकूंचं माहेर बेळगावचं. इतकी वर्षं गिरगावात काढूनही त्यांच्या बोलण्यातला 'की' गेला नव्हता. अंगाने लहानखुऱ्या, कामाला चटपटीत, आणि माईंसमोर इतक्या कमी बोलणाऱ्या की घरात त्या आहेत हे भांड्यांच्या आवाजावरून कळायचं. बेळगावला लहानपणी त्या गाणं शिकत होत्या म्हणे. लग्न झालं आणि ते राहिलं. घरंदाज घरातल्या बायका गाणंबिणं करत नाहीत आणि ऐकायलाही जात नाहीत, असं माईंचं मत होतं. गणपतीच्या दिवसांत गल्लीत मांडव पडला की बायकांनी गॅलरीतून ऐकावं, तेवढं पुरे.

काकूंना माई एकाच ठिकाणी जाऊ द्यायच्या, ते म्हणजे कीर्तनाला. कीर्तनाला निघालेल्या सुनेला अडवायचं म्हणजे पाप. अलीकडे काकूंना कीर्तनाची गोडी फार लागली होती. त्या परत आल्या की माई खाटेवरूनच विचारायच्या, "बुवांनी आज काय लावलं होतं?"

"सुदामा."

"पुन्हा सुदामाच?" माई म्हणायच्या. "हे बुवा सुदाम्याच्या पुढे सरकायला तयार नाहीत."

एका रविवारी सकाळी दादरला गाणं होतं. मी तिकिटाची शपथ घेतलेली नसल्यामुळे कर भरून आत बसलो होतो. माझ्या पुढे एक गृहस्थ बसले होते. त्यांना समेची फार आवड. सम आली की डोकं हलवायचे, आणि सम नसली तरी हलवायचे. मध्यंतरात मी कंटाळून बाहेर पडलो, कोपऱ्यावर उसाचा रस प्यायलो आणि मनात आलं, काका मागे वखारीशी असतील, बघू तरी त्यांची पहिली रांग. रस पिऊन बोळात शिरेपर्यंत मध्यंतर संपून गाणं सुरू झालं होतं.

ओट्यावर सतरंजी अंथरलेली होती. एका बाजूला पितळेचा डबा आणि फिरकीचा तांब्या. सतरंजीवर काका होते, आणि काकांच्या शेजारी काकू. आत तोडी चालली होती. काकू डोळे मिटून, अगदी बारीक आवाजात, तीच गुणगुणत होत्या.

माझ्या चपलेचा आवाज झाला. काकूंनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि चटकन पदर सारखा केला. गुणगुणणं बंद झालं. लग्न होऊन वीसएक वर्षं झालेलं ते जोडपं मला पाहून असं दचकलं, की आपण वडीलमाणूस असून चौपाटीवर दोन पोरांना पकडलं, असं मलाच वाटलं.

"बस," काका म्हणाले.

"झालं," काकू म्हणाल्या. "आता चाळभर होणार की हे."

"मी कोणाला सांगणार नाही, काकू."

"खा, आधी हा लाडू खा. तोंड भरलेलं असलं म्हणजे बरं."

मी लाडू खाल्ला. खाता खाता सगळी हकिकत कळली. काकू कीर्तनाचं नाव सांगून अर्धा तास आधी निघायच्या. काका मागाहून. कोपऱ्यावरच्या फुलवाल्याशी दोघं भेटायचे.

"एका तिकिटापुरतेच पैसे असायचे रे," काका खालच्या आवाजात म्हणाले. "इतकी वर्षं मी एकटा जायचो आणि घरी येऊन हिला सांगायचो. बागेश्री अशी झाली, मारवा तसा झाला. सांगून गाणं कळतं का? जेवून आलेल्या माणसाने उपाशी माणसाला चव सांगावी, तसलं ते. ही ऐकून घ्यायची. एकदाही म्हणाली नाही, मला न्या."

"काय म्हणायचं त्यात?" काकू म्हणाल्या. "मग ह्यांनी ती शपथ घेतली. मी म्हटलं, आता बाहेरच बसायचं आहे तर मीही येते की. ओट्याला काय दोन तिकिटं लागतात?"

आत ताना सुरू झाल्या. काकांनी मला खूण केली, "तू जा आत. कर भरलायस तू."

मी आत जाऊन पुन्हा त्या समेच्या गृहस्थांच्या मागे बसलो. गाण्याकडे माझं लक्ष नव्हतं. शपथेमुळे काकांच्या वाट्याला काय आलं होतं ते मला कळलं होतं. आणि शपथ संपली म्हणजे ते जाणार, हेही.

हे काकांनाही कळत होतं. लालबागहून निघालेल्या एका मोर्चात मी त्यांच्या शेजारी चालत होतो. पूर्वी "झालाच पाहिजे" म्हणताना काकांचा आवाज आमच्या सगळ्यांच्या वर असायचा. आताही ते ओरडत होते, पण ओरडून झालं की खाली मान घालायचे. त्या संध्याकाळी गॅलरीत ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

"मोहन, मी वाईट माणूस आहे रे."

"का हो?"

"लोकांनी गोळ्या खाल्ल्या. पोरं गेली. आणि मी घोषणा देतो, मनापासून देतो, आईची शपथ. पण देऊन झाली की मनात येतं, होऊ दे महाराष्ट्र, झालाच पाहिजे, पण एवढा हंगाम जाऊ दे."

मला आधी हसू आलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर ते गेलं. मी म्हटलं, "महाराष्ट्र झाला तर दोघांची तिकिटं काढा. मी घालतो पैसे."

"वेडा आहेस. हॉलमध्ये चाळीतलं कोणी ना कोणी असणारच. माईच्या कानावर गेलं की कीर्तनही बंद. आणि समज, नाही गेलं. आत हिला गुणगुणता येईल का? शेजारचा शुक् शुक् करील."

"मग शपथ संपली तरी बसा बाहेरच."

"कशाच्या नावाखाली? आज मी बाहेर बसतो तो सत्याग्रही म्हणून. उद्या बसलो तर फुकट्या. आणि फुकट्याच्या बायकोने ओट्यावर येऊन बसावं हे मला नाही चालायचं."

हा काकांचा पीळ होता आणि तो सुटण्यातला नव्हता. कर चुकवणारा माणूस आणि कर नाकारणारा माणूस यांत त्यांच्या लेखी जमीन-अस्मानाचं अंतर होतं.

आणि मग महाराष्ट्र झाला. मे महिन्याची पहिली तारीख. चाळीवर कंदील लागले, गुढ्या उभ्या राहिल्या, गल्लीत लेझीम घुमलं. राणे मास्तरांना लहान मुलासारखं रडू कोसळलं. काकाही रडत होते. गॅलरीच्या कठड्याला धरून त्यांनी इतक्या मोठ्याने जयजयकार केला की त्यांचा आवाज चार दिवस बसला होता. त्या रडण्यात खोट नव्हती. पण कंदिलांच्या उजेडात त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली तीही मी पाहिली. तिथे काकू ताटात पेढे भरत होत्या.

पाचव्या दिवशी चौबळांनी चाळीच्या चौकात शपथमुक्तीचा समारंभ ठेवला. न्हाव्याला बोलावून राणे मास्तरांची दाढी सर्वांसमक्ष उतरवली गेली. आतून निघालेला चेहरा पाहून त्यांच्या धाकट्या पोराने भोकाड पसरलं, कारण त्याने बापाला असं कधी पाहिलेलंच नव्हतं. मग चौबळांना चपला अर्पण झाल्या. सवय गेल्यामुळे ते त्या घालून बदकासारखे चालू लागले. मला चहा देऊन सत्कार करावा अशी कोणीतरी सूचना केली. ती मी ऐकली नाही.

"आणि आता," चौबळ म्हणाले, "ज्यांनी आपल्या सर्वांपेक्षा मोठा त्याग केला, ते आपले केणीकाका!"

चांदीच्या तबकात एक तिकीट होतं. वर्गणी काढून आणलेलं. येत्या रविवारी सकाळी दादरला गाणं होतं, त्याची पहिली रांग. तिकिटाला हळदकुंकू लावलं होतं. चौबळ म्हणाले, "ह्यावर कर आहे बरं का, काका! पण तो आता आपल्या सरकारचा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काका उठले आणि तबकापाशी आले. त्यांचा हात निम्म्यावर येऊन थांबला. त्यांनी घसा खाकरला.

"शब्द दिला होता," ते म्हणाले. "महाराष्ट्र होईपर्यंत. झाला. आता... घ्यायला पाहिजे."

हे ते इतक्या पडक्या आवाजात म्हणाले की लोकांना वाटलं, भारावले.

"पण बेळगाव कुठं आलंय?"

आवाज बायकांच्या बाजूने आला. सगळ्या माना वळल्या. सुमतीकाकू उभ्या होत्या. चाळीत इतकी वर्षं राहून चारचौघांत त्यांनी बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यांचे कान लाल झाले होते, पण त्या खाली बसल्या नाहीत.

"संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत, असं म्हणालात की तुम्ही. बेळगाव, कारवार, निपाणी धरून. गॅलरीतनं तुम्ही सगळेच ओरडत होता, मी ऐकलंय. माझं माहेर अजून तिकडंच आहे. मग शपथ सुटली कशी?"

चौबळांनी पायातल्या नव्या चपलांकडे पाहिलं. राणे मास्तरांचा हात गुळगुळीत हनुवटीवर गेला. न्हावी आपली हत्यारं गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "बाई बोलतात ते बरोबर आहे."

काकांनी हात मागे घेतला. त्यांचा चेहरा असा उजळला की तसा मे महिन्याच्या पहिल्या तारखेलाही उजळला नव्हता.

"बरोबर आहे!" ते ओरडले. "बेळगाव आल्याशिवाय तिकीट नाही!"

मग एकच गदारोळ झाला. 'बेळगाव-कारवारसह झालाच पाहिजे'च्या घोषणांनी चौक दुमदुमला. त्या गडबडीत माई, समारंभासाठी चौकात आणून ठेवलेल्या आपल्या खाटेवरून वाकून, काकूंना काहीतरी म्हणाल्या. मी जवळच होतो म्हणून मला ऐकू आलं.

"रविवारी लवकर निघ हो सूनबाई. उशीर झाला तर सुदाम्याचे पोहे संपायचे."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. माईंनी वात वळायला घेतली.

पहिल्या रांगेतलं ते तिकीट वाया जाऊ नये म्हणून चाळीने मला दिलं. रविवारी मी हळदकुंकवाच्या तिकिटावर बसून गाणं ऐकलं. गाणं चांगलं रंगलं. भैरवी सुरू झाली तेव्हा मात्र मला बसवेना. मी उठलो आणि मागच्या बोळात गेलो. या खेपेला चपला हातात घेतल्या.

झरोक्यातून भैरवी ओट्यावर उतरत होती. काकू डोळे मिटून गात होत्या. गुणगुणणं नव्हे, गाणंच. आतल्या बुवांनी जागा घ्यायच्या आधीच ती जागा त्या घेत होत्या आणि मग किंचित थांबून त्यांची वाट बघत होत्या. काका त्यांच्याकडे कलून बसले होते. मी नीट पाहिलं. उजवा कान काकूंकडे होता. हॉलच्या भिंतीकडे डावा होता. जो गिरणीत गेला तो.

म्हणजे एवढी वर्षं हे गृहस्थ आतलं गाणं ऐकतच नव्हते! चक्कीवरची बागेश्री, खांबाचा मारवा, सगळ्या हजेऱ्या एकाच मैफलीच्या होत्या. आणि मी मूर्ख त्यांना गवयांची नावं विचारत होतो.

मी पुढे गेलो नाही. भैरवी संपली तशी काकूंनी डब्याचं झाकण लावलं आणि काका सतरंजी झटकायला उठले. तेवढ्यात मी बोळातून बाहेर पडलो.

बेळगाव अजून आलेलं नाही. ते यावं असं मला मनापासून वाटतं, आणि काकांनाही वाटायचं. शपथ त्यांनी अखेरपर्यंत पाळली. आता दोघंही नाहीत. वखार जाऊन तिथे औषधांचं दुकान झालं आहे, पण ओट्याची एक पायरी तेवढी राहिली आहे. परवा दादरला गेलो होतो तेव्हा तिच्यावर क्षणभर बसलो. बरोबर माझा नातू होता. तो म्हणाला, "आजोबा, इथे काय आहे?"

"इथे भैरवी झाली," मी म्हटलं.

"कोण गायलं होतं?"

ते मात्र मला ठाऊक होतं. मी त्याला नाव सांगितलं.